दाब जातो कोठे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय बोलले गेले आहेत. तेथे आम्ही मोटारीच्या पेट्रोलविषयी बोलणार, असे कळल्यावर दोघातिघांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले, "का हो, बोनसचा विषय सोडलात की काय?" सोडलेला नाही. आजचा विषय वरवर यंत्राचा असला तरी त्याच्या पोटात एका कामगाराच्या पगाराचा प्रश्न आहे. तो ओघाने येईलच.

प्रथम आपणां सर्वांच्या परिचयाचे एक दृश्य पाहू. सकाळची वेळ आहे. गाडी रात्रभर दारात उभी होती. मालक किल्ली फिरवतात. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. पण इंजिन काही पेट घेत नाही. दहा सेकंद जातात, पंधरा जातात, शेजारी खिडकीतून डोकावतात, आणि मग एकदाचे इंजिन धडधडते. त्यानंतर दिवसभर गाडी कुरकुर करीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. अशा गाडीला झाले आहे तरी काय?

जुन्या काळी, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जमान्यात, हा प्रश्न निराळा होता. तेव्हाच्या पंपाचा दाब अगदी किरकोळ. पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत येऊन पडले की त्याचे काम संपले. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी बंद पडे. मग ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून बिडी ओढीत बसे. आमच्यापैकी कित्येकांनी ते फडके भिजवून आणण्याची सेवा केलेली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, आणि त्या ओल्या फडक्याचा जमानाही तिच्याबरोबर गेला.

आज पेट्रोल इंजेक्टरने फवारले जाते. पंप टाकीतच बसलेला असतो. तो पेट्रोल गाळणीतून पुढे ढकलतो, आणि इंजिनाजवळच्या एका वाटपाच्या नळीत, जिला गॅरेजात रेल म्हणतात, ते दाबाखाली उभे राहते. हा दाब बहुतेक साध्या गाड्यांत तीन बारच्या आसपास असतो, म्हणजे जुन्या पंपाच्या कितीतरी पट. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे गाडीतला संगणक ठरवतो. पण हे ठरवताना दाब पुरेसा आहे असे तो गृहीत धरून चालतो. दाब चौथाईवर आला तर तेवढ्याच वेळात पेट्रोल निम्मेच जाते. संगणकाने हिशेब बरोबर केला तरी माप खोटे पडते, आणि इंजिन उपाशी राहते.

गाडी बंद केली तरी हा दाब बराच वेळ टिकावा लागतो. त्याची दोन कारणे आहेत. एक, पुढच्या वेळी किल्ली फिरवताच पेट्रोल तयार असावे. दुसरे आमच्या भगिनींना अधिक लवकर कळेल. कुकरमध्ये दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. तसेच तापलेल्या इंजिनाजवळचे पेट्रोल दाबाखाली असेल तर त्याची वाफ होत नाही. दाब गेला की वाफ झाली, आणि वाफ फवारून इंजिन चालत नाही.

आता कुकरचीच गोष्ट पुढे नेऊ. शिट्टी होत नाही म्हणून कोणती गृहिणी नवी शेगडी आणते? ती आधी गॅस्केट पाहते, मग शिट्टीची जागा पाहते, मग झाकणाची झडप पाहते. वाफ कोठून तरी निसटते आहे हे तिला ठाऊक असते, आणि कोठून, हे ती क्रमाने शोधते. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण सगळे, मालक आणि गॅरेजवाले दोघेही, एकदम शेगडी बदलावयास निघतो.

शोधाचा क्रम सांगतो. पहिला प्रश्न असा: दाब चढत नाही, की चढतो पण टिकत नाही? हे दोन रोग अगदी भिन्न आहेत. चढत नसेल तर पंप थकलेला असेल, गाळणी तुंबलेली असेल, किंवा पंपाला वीज पुरी मिळत नसेल. चढून टिकत नसेल तर कोठेतरी गळती आहे. लक्षण दोन्हींचे एकच, सेल्फ मारीत बसावे लागते. म्हणून नुसत्या लक्षणावरून निकाल देता येत नाही.

याची एक फुकटातली परीक्षा घरच्या घरी होते. किल्ली फक्त दिवे लागण्याइतकी फिरवावी, सेल्फ मारू नये. बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोनएक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. किल्ली बंद करून हेच दोनतीनदा करावे आणि मग सेल्फ मारावा. रोज पंधरा सेकंद घेणारी गाडी आता चटकन सुरू झाली, तर दाब रात्रीतून निसटतो असा दाट संशय घ्यावा. तरीही सुरू झाली नाही, तर ठिणगी आणि इतर कारणे तपासावीत. पेट्रोलचा वास येत असेल, सुरू होताच काळा धूर निघत असेल आणि प्लग ओला असेल, तर एखादा इंजेक्टर ठिबकून इंजिनात पेट्रोल जास्त झाले असावे.

पुढची पायरी मात्र जाणत्या माणसाची आहे. रेलवर गेज, म्हणजे दाबमापक, जोडावयाचा. त्याआधी इंजिन थंड हवे, डोळ्यांवर चष्मा हवा, आग विझवण्याचे साधन हाताशी हवे, आणि बिडी-काडी चार हात दूर हवी. सांडलेल्या पेट्रोलला कोण मालक आणि कोण नोकर हे कळत नाही. गेज जोडून किल्ली फिरवली की काटा चढतो. पंप थांबला की काटा पाहत बसावयाचे. किंचित उतरून स्थिरावला तर ठीक. काही मिनिटांतच शून्याकडे लोळू लागला तर गळती पक्की.

परंतु कोठे? ग्यानबाची मेख येथेच आहे. पास्कलने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले की, कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. तसाच तो जातोही सगळीकडून सारखा. गळती टाकीपाशी असो की इंजिनापाशी असो, काटा तेवढाच उतरणार. आमचा एक वयस्कर मिस्त्री म्हणे, "भाऊ, काटा खोटं बोलत नाही, पण काटा जागा सांगत नाही." जागा हवी तर वाटेत भिंती घालाव्या लागतात.

ज्या गाड्यांत उरलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते, त्यांत या भिंती घालणे सोपे असते. वाटा चार. पहिली उघड्यावर: सांध्यातून, नळीतून बाहेर. ती डोळ्यांना आणि नाकाला कळते. दुसरी मागे: पंपातल्या एकमार्गी झडपेतून टाकीकडे. तिसरी रेग्युलेटरमधून: त्याची झडप नीट बसत नसेल तर परतीच्या नळीत, आणि पडदा फाटला असेल तर हवेच्या बारीक नळीत. ती बारीक नळी काढून पाहावी; ओली निघाली तर पडदा गेला, आणखी शोधावयास नको. चौथी पुढे: ठिबकणाऱ्या इंजेक्टरमधून इंजिनात. आता पंपाने दाब भरून तो थांबताच येणाऱ्या रबरी नळीला चिमटा लावावा. काटा टिकला तर दोष पंपाकडच्या बाजूला. नाही टिकला, तर चिमटा काढून, पुन्हा दाब भरून, परतीच्या नळीला लावावा. आता टिकला तर दोष रेग्युलेटरच्या झडपेत. दोन्हीकडे चिमटे लावूनही काटा उतरला आणि बाहेर कोठे ओल नसली, तर इंजेक्टरांकडे वळावे. परतीची नळी मात्र पंप चालू असताना आवळून ठेवू नये; दाब भलताच चढतो.

आता तो पगाराचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी गॅरेज-कामगारांच्या एका बैठकीनंतर एक पोरगा आमच्याकडे आला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याच्या गॅरेजात अशीच सकाळी हटून बसणारी, परतीच्या नळीची गाडी आली होती. मालकाने न तपासताच सांगितले, "पंप गेलाय, बदल." पोराने बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच. गिऱ्हाईकाने पैसे नाकारले, आणि मालकाने पंपाची किंमत पोराच्या पगारातून कापावयास घेतली. कारण काय, तर "तूच नीट बसवला नाहीस."

नुकसानीबद्दल वेतनातून कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे आणि आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, अशी तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती. पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व राहिले. हे कलम आम्हांला तोंडपाठ होते. पण मालकाने विचारले, "मग पंप चुकीचा बसला नाही हे तुम्ही कशावरून म्हणता?" आणि खरे सांगतो, त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कायदा ठाऊक होता, यंत्र ठाऊक नव्हते. तेव्हा त्या वयस्कर मिस्त्रीला गेज घेऊन बोलावले.

त्याने वर सांगितलेला क्रमच केला. किल्ली फिरवली, काटा तीन बारवर गेला, म्हणजे दाब चढत होता. पंप थांबला, काटा उतरू लागला. येणाऱ्या नळीला चिमटा लावला. तरी उतरतच राहिला. म्हणजे पंप आणि तो बसवणारा हात, दोघेही सुटले. मग परतीच्या नळीला चिमटा लावला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. काटा थांबला तो थांबलाच. दोष रेग्युलेटरच्या झडपेत होता. मिस्त्रीने जुना पंप शोधून पुन्हा बसवला. त्यानेही दाब तितकाच चढला. बदललेला पंप मुळात निर्दोष होता.

कपात रद्द झाली. पण गॅरेजभर आठ दिवस त्या पोराला "कामचुकार" म्हणून जी मान खाली घालावी लागली, ती कोणत्या कलमाने भरून निघणार? त्या तपासणीला सारा मिळून अर्धा तासही लागला नव्हता. आणि गेजची किंमत पंपापेक्षा कमी होती. तो गॅरेजात नव्हताच. तेव्हापासून गॅरेजच्या मालकांपुढे आम्ही मागण्यांची यादी ठेवतो, तेव्हा पगारवाढीच्या खाली एक ओळ घालतो: प्रत्येक गॅरेजात दाबमापक असावा आणि तो वापरण्याचे शिक्षण कामगाराला मिळावे. एका मालकाने हसून विचारले, "हे युनियनचे काम?" आम्ही म्हटले, होय. ज्याच्या हातात माप नाही, त्याच्या माथी दोष मारणे सोपे असते.

परंतु सगळा दोष मालकांवर टाकून आम्ही खाली बसणार नाही, कारण तोही न मापता दिलेला निकाल ठरेल. त्या मालकाने आमच्याजवळ मन मोकळे केले ते असे: "भाऊ, अर्धा तास गेज लावून बसलो आणि त्याचे पैसे मागितले, तर गिऱ्हाईक म्हणतं, केलंत काय तुम्ही? नुसतं बघितलंत! नवा पंप दाखवला की मुकाट पैसे देतं." यात आपण सगळे आलो. वस्तूला पैसे द्यावयास आपण तयार असतो, शोधाला नाही. म्हणून गॅरेजात शोध होत नाही, वस्तू बदलल्या जातात. एक बदलून भागले नाही तर दुसरी. आणि भुर्दंड फिरत फिरत सर्वांत धाकट्या पोरावर येऊन बसतो.

दोन इशारे देऊन संपवतो. नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत परतीची नळी नसते, रेग्युलेटर टाकीतच पंपाजवळ असतो, आणि नळ्या कडक प्लॅस्टिकच्या असतात. त्या चिमट्याने आवळल्या तर चिरतात. त्यांना तोटीसह निराळा जोड लागतो. आणि डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांत, किंवा थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत, उच्च दाबाच्या बाजूस हौशी माणसाने पाना लावूच नये. तेथील धार कातडी भेदून आत जाते. दुसरे, आपल्याकडे सीएनजीवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्या सुरू होताना पेट्रोलच घेतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. गॅस स्वस्त म्हणून टाकी कायम कोरडी ठेवणारा शेवटी पंपाला मुकतो.

तर बंधुभगिनींनो, उद्या आपली गाडी सकाळी हटून बसली आणि आपण ती गॅरेजात नेलीत, तर "काय बदलू?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. उलट विचारा: "दाब किती चढला? किती वेळ टिकला? चिमटा कोठे लावून पाहिला?" आणि ज्या पोराने अर्धा तास वाकून काटा पाहिला, त्याच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे खळखळ न करता द्या. तुमचा पंप वाचेल, आणि त्याचा पगार वाचेल.