ट्रॉलीच्या दिव्याच्या वायरचा पक्का सांधा



उसाची ट्रॉली रात्री रस्त्यावर असताना मागचा दिवा विझला, तर मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. पुष्कळदा दिवा चांगला असतो. दगा देतो तो नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा. हादऱ्यांनी तो सैल होतो आणि तापतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झाला तर वायर पेटते. मग वायरीत स्लीव्ह ओवून ठेवा. मागाहून ती घालता येत नाही. दोन्ही टोके इंचभर सोला, तांबे घासून घट्ट पीळ द्या. राळेची सोल्डर तार घ्या; ॲसिडने तांबे खाल्ले जाते. तापलेले आयर्न खालून टेकवा, सोल्डर वरून तांब्यालाच लावा. ते आत झिरपले की डाख बसला. नुसता गोळा साचला, तर सांधा कच्चा समजा.

निवेपर्यंत हलवू नका. मग स्लीव्ह सांध्यावर ओढा. डाखाच्या कडेला वायर ताठ होऊन तुटते, म्हणून दोन्ही बाजूंनी ती चौकटीला बांधा.

दिवस मावळायच्या आत दिवे लावून बघा, मगच निघा.