बाहेरचा पैसा आणि घरचा विश्वास

निवडणुकीस उभ्या राहिलेल्या माणसाला विचारले जाणारे दोन प्रश्न फार जुने आहेत. तुझा देव कोणता, हा एक. आणि तुझा खर्च कोण चालवितो, हा दुसरा. पहिला श्रद्धेचा, दुसरा तिजोरीचा. परंतु दोहोंच्या मुळाशी शंका एकच असते. हा माणूस आपल्यातला, की उपरा? अमेरिकेत पीट बुटिजेज यांनी २०२० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, तेव्हा ही शंका मोठ्या तीव्रतेने पुढे आली. कारण हे गृहस्थ उघडपणे समलिंगी होते, पुरुषाशी विवाहबद्ध होते, आणि तरीही श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्या प्रचाराची हकिकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

इंडियाना राज्यात साउथ बेंड हे सुमारे एक लाख वस्तीचे शहर आहे. बुटिजेज तेव्हा तेथले महापौर होते. वडील माल्टा बेटातून येऊन नोत्र दाम विद्यापीठात प्राध्यापक झालेले. मुलाचे शिक्षण कॅथलिक शाळेत झाले. पुढे तो एपिस्कोपल पंथात रमला. २०१५ च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाने एका कायद्यावर सही केली. दुकानदार धर्माचे कारण सांगून समलिंगी गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवतील, असे भय त्याने निर्माण झाले, आणि देशभर इतका गदारोळ उठला की काही दिवसांतच कायद्यात दुरुस्ती करावी लागली. अशा वातावरणात, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, बुटिजेज यांनी गावच्या वृत्तपत्रात लेख लिहून आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. निवडणूक अवघ्या पाच महिन्यांवर होती. नोव्हेंबरात साउथ बेंडच्या मतदारांनी त्यांना सुमारे ८० टक्के मते देऊन पुन्हा महापौर केले.

हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घरचा विश्वास आधी आला. बाहेरचा पैसा मागाहून. आणि तो पैसा येण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवलेली होती. त्या वेळी अमेरिकेच्या कोणत्याही राज्यातील नागरिकाला एका उमेदवारास एका निवडणुकीसाठी २,८०० डॉलरपर्यंत देणगी देता येत असे. परदेशी नागरिकाच्या पैशाला मात्र पूर्ण बंदी. इतकेच नव्हे, तर २०१९ सालच्या पहिल्या वादसभेच्या व्यासपीठावर जागा मिळविण्याचा पक्षाने ठरविलेला एक मार्गच असा होता की, उमेदवाराने ६५,००० देणगीदार दाखवावेत, आणि निदान २० राज्यांतून प्रत्येकी २०० तरी असावेत. म्हणजे परराज्यांतील पाठिंबा हा येथे दोष नव्हता, पात्रतेचा पुरावा होता. लहान शहराच्या या महापौराने ती संख्या मार्च महिन्यातच ओलांडली.

समलिंगी उमेदवारांना देशभरातून साहाय्य मिळवून देणारी ‘व्हिक्टरी फंड’ ही संस्था १९९१ पासून काम करीत आहे. ज्या अल्पसंख्येची माणसे प्रत्येक मतदारसंघात विखुरलेली असतात, तिला दूरच्यांचा हात धरल्यावाचून गत्यंतर नसते. एप्रिल २०१९ मध्ये याच संस्थेच्या समारंभात बुटिजेज यांनी आपल्या श्रद्धेविषयी सर्वांत स्पष्ट भाषण केले. विवाहाने मी ईश्वराच्या अधिक जवळ गेलो, असे ते म्हणाले. आणि तोवर उपाध्यक्ष झालेल्या पेन्स यांना उद्देशून त्यांनी सुनावले की, माझ्या घडणीविषयी तुमची तक्रार असेल, तर तुमचे भांडण मला घडविणाऱ्याशी आहे. आपल्याकडे धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ अन्वये भ्रष्ट आचार ठरतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली आहे. उमेदवाराने स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलण्यास नव्हे.

परंतु दूरच्या हातांतही भेद असतो. कॅलिफोर्नियातील नापा येथे, द्राक्षासवाच्या तळघरात, धनिकांच्या मेजवानीत त्यांनी निधी गोळा केला, तेव्हा डिसेंबरच्या वादसभेत एलिझाबेथ वॉरन यांनी त्यावर कठोर टीका केली. सामान्यांच्या लहान देणग्या आणि बंद दाराआडची मेजवानी यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हा त्या टीकेतील मुद्दा रास्त होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये आयोवा राज्यात पहिला कौल लागला. तेथील एका मतदानसभेत बुटिजेज यांच्या नावाची चिठ्ठी भरून दिल्यानंतर एका बाईंना कळले की, या उमेदवाराचा जोडीदार पुरुष आहे. त्यांनी चिठ्ठी परत मागितली. या माणसाने बायबल वाचावे, असेही त्या म्हणाल्या. प्रचाराची कार्यकर्ती न रागावता उत्तरली की, ते बायबल वाचतात. त्या संभाषणाचे चित्रण पुढे देशभर पाहिले गेले. कोट्यवधी डॉलर जेथे निरुपयोगी ठरले, तेथे एका शेजारणीला शांतपणे बोलावे लागले.

आयोवात बुटिजेज यांना सर्वाधिक, म्हणजे १४ प्रतिनिधी मिळाले. पण महिनाअखेरीस साउथ कॅरोलिनात त्यांची मते आठ टक्क्यांच्या आसपास थांबली, आणि १ मार्च रोजी त्यांनी माघार घेतली. तेथील कृष्णवर्णीय मतदारांच्या धर्मश्रद्धेवर याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. साउथ बेंडमध्ये पोलीस आणि कृष्णवर्णीय नागरिक यांच्यातील तंट्यात महापौर म्हणून त्यांनी काय केले, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

श्रोतेहो, बाहेरच्या साहाय्याने उमेदवाराला व्यासपीठ मिळाले, आणि श्रद्धेने त्याला बोलण्याचे धैर्य दिले. ही दोन्ही बळे खरी होती. मात्र मत ही वस्तू दुरून पाठविता येत नाही. ती त्या त्या गावच्या माणसाने, उमेदवाराच्या कामाची पारख करून, स्वतःच्या हाताने द्यावयाची असते. साउथ बेंडने ती दिली, साउथ कॅरोलिनाने दिली नाही. आणि दोन्ही ठिकाणी निर्णय घरच्यांनीच केला.