सेटिंगची फाइल: वाचायची कशी, लिहायची कशी

या भागाचा विषय दिसायला छोटा आहे: कॉन्फिगरेशन फाइल, साध्या भाषेत सेटिंगची फाइल. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा जी उघडतो, ती ही फाइल. डेटाबेस कुठे आहे, कोणत्या वेळी कोणतं काम करायचं, अडचण आली तर कोणाला कळवायचं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं.

आपल्यापुढे एक ठोस उदाहरण ठेवू. समजा, एका सोसायटीचा पाण्याचा पंप एका छोट्या कॉम्प्युटरवरून चालतो. त्यावर पायथनमधला एक प्रोग्राम आहे आणि त्याची सेटिंगची फाइल यॅमल पद्धतीने लिहिलेली आहे. पंप किती वाजता सुरू करायचा, किती मिनिटं चालवायचा, टाकी भरली नाही तर कोणत्या नंबरवर मेसेज पाठवायचा, अशा सात-आठ ओळी. फाइल बिघडली तर सकाळी दोनशे घरांत पाणी येणार नाही. म्हणून सात-आठ ओळी असल्या, तरी तिला हलक्यात घ्यायचं नाही.

मला दोन नियम सांगायचे आहेत. पहिला, वाचताना फाइल ही माहिती आहे, आदेश नाही. दुसरा, लिहिताना डिस्कवर एक तर जुनी फाइल पूर्ण असली पाहिजे किंवा नवी फाइल पूर्ण. अर्धीमुर्धी कधीच नाही.

पहिला नियम घेऊ. फौजेत कागद हातात आला की आधी बघतात, हा आदेश आहे की खबर. आदेश असेल तर देणारा कोण, त्याला तो अधिकार आहे का, हे तपासायचं. खबर असेल तर ती पडताळायची. खबरीच्या कागदात कोणी मधेच 'पूल उडवा' असं लिहिलं म्हणून कोणी पूल उडवत नाही. प्रोग्रामनेही सेटिंगच्या फाइलशी असंच वागायला हवं.

पण लायब्ररी नेहमी तशी वागत नाही. पायथनमध्ये यॅमल वाचायला पाययॅमल ही लायब्ररी सर्रास वापरतात. यॅमलमध्ये एखाद्या व्हॅल्यूच्या आधी उद्गारचिन्हाने सुरू होणारी खूण लावता येते, तिला टॅग म्हणतात. ही व्हॅल्यू कोणत्या प्रकारची आहे, हे टॅग सांगतो. पाययॅमलने ही सोय फार पुढे नेली. योग्य टॅग लावला तर फाइल वाचता वाचता पायथनचं एखादं फंक्शन बोलावता येतं. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला कमांड देणारं फंक्शनही आलं. म्हणजे तुम्ही फक्त 'लोड' म्हणालात, आणि फाइलमधल्या एका ओळीने तुमच्या कॉम्प्युटरवर हवी ती कमांड चालवली. पंप किती वाजता सुरू करायचा हे कळायच्या आधीच हे घडून गेलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, आमची फाइल आम्हीच लिहितो, तिच्यात असलं कोण घालणार? पण फाइल प्रवास करते. कोणी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, कोणी जुन्या बॅकअपमधून काढतं, कोणी इंटरनेटवरचा नमुना उचलतं. उद्या कोणी वेबपेजवर 'इथे सेटिंग अपलोड करा' असं बटण देतं. त्या दिवसापासून फाइल तुमची राहिली नाही, पण वाचणारा कोड मात्र जुनाच राहिला.

हा धोका एकट्या पायथनचा नाही. जानेवारी २०१३मध्ये रुबी ऑन रेल्स या प्रसिद्ध चौकटीत असंच भगदाड सापडलं. बाहेरून येणाऱ्या एक्सएमएल विनंतीच्या पोटात यॅमल लपवता येत होतं. चौकट ते इमानदारीने उघडून वाचत होती, आणि त्या वाटेने सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. आपल्या साइटवर यॅमल वाचलं जातं, याची कल्पनाही नसलेल्या लोकांना त्या आठवड्यात धावपळ करून अपडेट बसवावे लागले.

पाययॅमलचा इतिहासही बोलका आहे. साधं 'लोड' परक्या फाइलवर वापरू नका, असा इशारा तिच्या माहितीपत्रात कितीतरी वर्षं होता. जून २०१८मध्ये ४.१ आवृत्तीत 'लोड' मुळातच सुरक्षित केलं गेलं, पण ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. मार्च २०१९च्या ५.१ आवृत्तीपासून, कोणता लोडर वापरायचा हे न सांगता 'लोड' केलं तर इशारा दिसू लागला आणि आपोआप 'फुल लोडर' वापरला जाऊ लागला. हा मधला मार्ग होता, आणि त्यातूनही कोड चालवण्याच्या वाटा पुढे सापडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२१च्या ६.० आवृत्तीत लोडरचं नाव देणं सक्तीचं झालं. रुबीमध्येही त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीबरोबर साधं 'लोड' सुरक्षित झालं.

इतका वेळ का लागला? कारण एकदा हजारो प्रोग्राम एखाद्या सवयीवर उभे राहिले की ती सवय बदलणं लायब्ररीच्या हातात उरत नाही. म्हणून लायब्ररी आपोआप काय करते यावर विसंबू नका. तुमच्या कोडमध्ये 'सेफ लोड' हे फंक्शन नाव घेऊन लिहा. ते मजकूर, आकडे, तारखा, याद्या आणि नाव-व्हॅल्यूच्या जोड्या, अशा साध्या गोष्टीच बनवतं. पायथनचा अनोळखी टॅग दिसला तर नकार देतं. सेटिंगसाठी एवढं पुरेसं आहे. जेसन, टॉमल आणि आयएनआय या पद्धतींत असे टॅग नसतात, तेव्हा हा विशिष्ट धोका तिथे नाही. मात्र 'इव्हॅल' करून सेटिंग वाचणं किंवा पिकलमध्ये सेटिंग ठेवणं म्हणजे किल्ली दारालाच लावून ठेवणं.

आता 'सेफ' या शब्दाने गाफील राहू नका. सेफ लोड परका कोड चालू देत नाही. वाचलेलं बरोबर आहे, याची हमी ते देत नाही. पाययॅमल यॅमलचे १.१ आवृत्तीचे नियम पाळते आणि ते नियम फार मनकवडे आहेत. अवतरणचिन्हाशिवाय इंग्रजीत 'नो' लिहिलं की त्याचं 'असत्य' होतं. देशांच्या दोन अक्षरी कोडमध्ये नॉर्वेचा कोड नेमका तोच. त्यामुळे देशांच्या यादीतून नॉर्वे गायब होतो, आणि प्रोग्रामरांच्या जगात या घोटाळ्याला नॉर्वेचंच नाव पडलं आहे.

आपल्याकडची उदाहरणं याहून मजेशीर आहेत. शून्याने सुरू होणारा आकडा हे नियम अष्टमान पद्धतीत वाचतात. मेसेजच्या सेटिंगमध्ये एसटीडी कोड वेगळा लिहिला असेल, तर पुण्याचा ०२० हा १६ होतो, मुंबईचा ०२२ हा १८ होतो आणि दिल्लीचा ०११ हा ९ होतो. बेंगळुरूचा ०८० मात्र जसाच्या तसा मजकूर म्हणून येतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. म्हणजे बेंगळुरूत बसून तपासलेला प्रोग्राम पुण्यात बिघडणार.

वेळेचंही तेच. पंप सुरू करायची वेळ कोणी ५:३० अशी लिहिली, तर ती साठाच्या हिशेबाने ३३० हा आकडा होते. ०५:३० लिहिली तर मजकूर राहते. सेक्रेटरी बदलला, त्याने पुढचं शून्य लिहिलं नाही, आणि इतके दिवस चालणारा प्रोग्राम पहाटे अडला. उपाय दोन. जे मजकूर म्हणून हवं आहे ते अवतरणचिन्हांत लिहायचं. आणि वाचल्यानंतर प्रत्येक व्हॅल्यू तपासायची. प्रकार बरोबर आहे का? मिनिटं १ ते १२०च्या आत आहेत का? आवश्यक नाव गाळलं गेलं आहे का? ओळखीचं नसलेलं नाव आलं आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. स्पेलिंग चुकलेलं नाव प्रोग्राम गुपचूप सोडून देतो, आणि आपण मात्र सेटिंग बदललं असं समजून निर्धास्त असतो.

तपासणीत गडबड दिसली तर काय करायचं, हेही आधीच ठरवा. प्रोग्राम नुकता सुरू होत असेल तर कोणती व्हॅल्यू, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, हे स्पष्ट सांगून थांबा. प्रोग्राम चालू असताना नवी फाइल आली आणि ती सदोष निघाली, तर तक्रार नोंदवा आणि आधीच्या चांगल्या सेटिंगवर काम चालू ठेवा. नव्या फाइलमधल्या अर्ध्या व्हॅल्यू घेऊन अर्ध्या सोडून देणं हा सर्वांत वाईट पर्याय.

आता दुसरा नियम, लिहिण्याचा. पायथनमध्ये फाइल लिहिण्यासाठी उघडली की त्याच क्षणी तिची लांबी शून्य होते. जुनं सगळं गेलं आणि नवं अजून यायचं आहे. नेमकी तेव्हा वीज गेली तर? किंवा लिहिताना मधेच एखादी न मावणारी व्हॅल्यू आली आणि प्रोग्राम कोसळला तर? हातात रिकामी किंवा अर्धी फाइल उरते. वीज आल्यावर प्रोग्राम सुरू होतो, पण त्याला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून चालू फाइलला हात लावायचाच नाही. क्रम असा ठेवा. आधी सगळा नवा मजकूर मेमरीत तयार करा, म्हणजे व्हॅल्यूची गडबड तिथेच कळेल. मग त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल उघडून तिच्यात मजकूर लिहा. पायथनचा बफर 'फ्लश'ने रिकामा करा. 'एफसिंक'ने ऑपरेटिंग सिस्टिमला सांगा की हे खरोखर डिस्कवर उतरव. शेवटी ओएस मॉड्यूलमधल्या 'रिप्लेस' फंक्शनने तात्पुरत्या फाइलला मूळ फाइलचं नाव द्या. लिनक्सवर हा बदल अखंड असतो. त्या क्षणी कोणीही फाइल उघडली तरी त्याला जुनी पूर्ण मिळेल किंवा नवी पूर्ण. 'रिप्लेस' हे पायथन ३.३पासून आहे. जुनं 'रिनेम' विंडोजवर, त्या नावाची फाइल आधीच असेल तर अडतं. फोल्डर तोच का? कारण असं नामांतर एकाच फाइल सिस्टिमच्या आत होतं. दुसऱ्या डिस्कवर ते चालत नाही.

'एफसिंक' गाळायचा मोह होतो, कारण त्याला वेळ लागतो. २००९मध्ये लिनक्सची एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम नवी होती, तेव्हा मशीन अचानक बंद पडल्यावर अनेकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य लांबीच्या निघाल्या. नाव बदललेलं डिस्कवर पोहोचलं होतं, मजकूर मात्र मेमरीतच होता. लिनक्सच्या मंडळींनी नामांतराच्या बाबतीत पुढे सांभाळून घेण्याची सोय केली, पण तिच्या भरवशावर राहू नये.

या क्रमात तीन खाचखळगे आहेत. एक, परवानग्या. टेम्पफाइल मॉड्यूलने बनवलेली तात्पुरती फाइल फक्त तिच्या मालकालाच वाचता येते. नाव बदलल्यावर त्याच परवानग्या पुढे राहतात, म्हणून आधी मूळ फाइलच्या परवानग्या तिला द्या. पासवर्ड असलेली फाइल असेल तर मात्र कडकच ठेवा. दोन, कुलूप. दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी वाचलं, दोघांनी बदल केला, दोघांनी लिहिलं, तर पहिल्याचा बदल वाया जातो. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत लॉक धरा, आणि तो वेगळ्या लॉक फाइलवर धरा, कारण सेटिंगची मूळ फाइल तर आपण बदलूनच टाकतो. तीन, सिम्लिंक. सेटिंगच्या नावाचा नुसता दुवा असेल तर 'रिप्लेस' त्या दुव्यालाच बाजूला सारतं. आधी खरा पत्ता काढा.

आणखी एक नुकसान फाइल न बिघडता होतं. माणसांनी फाइलमध्ये लिहिलेल्या कमेंट: 'उन्हाळ्यात ही वेळ बदलू नये, टँकर याच वेळी येतो', अशी एखादी ओळ. पाययॅमलने फाइल वाचून परत लिहिली की अशा सगळ्या ओळी जातात, आणि बाकीच्या ओळीही वर्णक्रमाने लागतात. क्रम 'सॉर्ट कीज' बंद करून राखता येतो. कमेंट जपायच्या असतील तर रुआमेल यॅमल ही लायब्ररी आहे, आणि टॉमलसाठी टॉमलकिट आहे. पायथन ३.११मध्ये टॉमलची लायब्ररी भाषेतच आली, पण ती फक्त वाचते, लिहीत नाही. लिहिताना कमेंट आणि मांडणी कशी सांभाळायची, हा न सुटलेला प्रश्न त्यामागचं एक कारण होता.

आपल्यासाठी खास एक गोष्ट. पाययॅमलने लिहिताना 'अलाउ युनिकोड' चालू केलं नाही, तर देवनागरीतली नावं सांकेतिक अंकांत लिहिली जातात आणि माणसाला वाचता येत नाहीत. फाइल उघडताना, वाचायला असो वा लिहायला, एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्वतः लिहा. विंडोजवर न सांगता काय गृहीत धरलं जाईल, याचा भरवसा नसतो.

आता गृहपाठ. आज तुमच्या कोडमध्ये दोन गोष्टी शोधा. यॅमलचं साधं 'लोड' कुठे आहे, आणि सेटिंगची फाइल थेट लिहिण्यासाठी कुठे उघडली आहे. पहिल्या जागी 'सेफ लोड' आणि तपासणी घाला. दुसऱ्या जागी तात्पुरती फाइल, एफसिंक आणि रिप्लेस. मग परीक्षा घ्या. प्रोग्राम सतत लिहीत असताना तो जबरदस्तीने बंद करा, एकदा नाही, पन्नास वेळा, आणि दर वेळी फाइल पूर्ण आहे का बघा. कोड दुसऱ्या कोणी सांभाळणार असेल, तर ही परीक्षाही त्याच्या हवाली करा.