जाळीबाहेरून बघितलेला सराव

आज गोष्ट फुटबॉलची. मुळशी तालुक्यातलं म्हाळुंगे-बालेवाडी स्टेडियम, मार्च 2018. मी तेव्हा बीटेकला होतो. एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच आयएसएलच्या सेमीफायनलला पोचली होती आणि आम्ही जाळीबाहेरून सराव बघत होतो. सगळ्यांची नजर मार्सेलिन्यो आणि अल्फारोवर. ते आत गेले, गर्दी पांगली. मैदानात उरला एक राखीव गोलकीपर. मॅचला आपण खेळणार नाही हे त्यालाही माहीत असणार, तरी पठ्ठ्या अंधार पडेपर्यंत झेपा घेत राहिला.

सेमीफायनलला बेंगळुरूनं हरवलं. 2019 मध्ये तर क्लबच बंद पडला. आता हिंजवडीच्या ऑफिसात, कुणी बघणार नाही असा कोड नीट करत बसलो की तोच आठवतो. तुम्हाला कोण आठवतं? नक्की सांगा.