गव्हाणीतील मोजमाप आणि दुधाचे अर्थकारण



दूध उत्पादनात भारत १९९८ पासून जगात प्रथम क्रमांकावर आहे. २०२३-२४ या वर्षात देशातील उत्पादन सुमारे २३.९३ कोटी टन झाले आणि दरडोई दैनिक उपलब्धता ४७१ ग्रॅमवर पोहोचली. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात हे आकडे नेहमी येतात. तथापि, दूध उत्पादकाच्या दृष्टीने निर्णायक आकडा वेगळाच आहे. दुधाच्या उत्पादन खर्चात वैरण व पशुखाद्य यांचा वाटा साधारणपणे ६० ते ७० टक्के असतो. सहकारी संस्थेच्या संकलन केंद्रावर दुधाचे माप आणि स्निग्धांश यांची नोंद दररोज होते. मात्र त्या दुधासाठी जनावराने किती खाल्ले याची नोंद बहुतेक गोठ्यांत कोठेही नसते. उत्पन्न मोजले जाते आणि सर्वांत मोठा खर्च अंदाजावर चालतो. दुभत्या जनावरांच्या खाण्यावरील स्वयंचलित देखरेखीचा विचार या उणिवेपासून सुरू करावा लागतो.

वर्तन आणि सेवन : दोन भिन्न बाबी

या विषयात दोन संकल्पनांची गल्लत टाळणे आवश्यक आहे. जनावर दिवसातून किती वेळा गव्हाणीकडे जाते, किती वेळ खाते आणि किती वेळ रवंथ करते, हे झाले खाण्याचे वर्तन. प्रत्यक्षात किती किलो खाद्य पोटात गेले, हे झाले खाद्यसेवन. हिरव्या वैरणीत पाण्याचे प्रमाण बरेच असल्याने सेवनाची तुलना शुष्क पदार्थाच्या वजनावर केली जाते.

वर्तन मोजणे तुलनेने सोपे आहे. गळपट्ट्यात किंवा कानातील बिल्ल्यात बसविलेला संवेदक मान व कान यांच्या हालचाली टिपतो. मोरकीतील दाबसंवेदक जबड्याची हालचाल टिपतो. गोठ्यातील निरोगी दुभती गाय दिवसाकाठी साधारण तीन ते पाच तास खाते आणि सात ते आठ तास रवंथ करते. या नित्यक्रमात घट झाली की उपकरण सूचना देते. परंतु अशा उपकरणाला वेळ कळतो, वजन कळत नाही. एका तासात खाल्लेला कडबा आणि एका तासात खाल्लेला हिरवा मका यांचे वजन व पोषणमूल्य सारखे नसते.

वजन कळण्यासाठी गव्हाणच काट्यावर ठेवावी लागते. जनावर जवळ येताच कानातील बिल्ल्यावरून त्याची ओळख पटते आणि खाण्यापूर्वीचे व नंतरचे वजन नोंदले जाते. ही रचना अचूक असली तरी महाग असल्याने ती मुख्यतः संशोधन केंद्रांतच आढळते. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत त्रिमितीय कॅमेरे गायीला पाठीवरून ओळखतात आणि तिच्यापुढील खाद्याच्या कमी होणाऱ्या आकारमानावरून सेवनाचा अंदाज बांधतात.

मोजमापाचा लाभ

पहिला लाभ आरोग्याचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, विण्यापूर्वीच्या आठवड्यात शुष्क पदार्थाचे सेवन एक किलोने कमी झालेल्या गायींत विल्यानंतर गंभीर गर्भाशयदाह आढळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. म्हणजेच आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीच त्याची चाहूल गव्हाणीत लागते.

दुसरा लाभ पैदाशीचा. तेवढेच दूध कमी खाद्यात देणाऱ्या गायी ओळखता आल्या, तर त्यांचा वंश निवडता येतो. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०२० मध्ये खाद्यबचतीचा समावेश वळूंच्या जनुकीय मूल्यमापनात केला. यामागे प्रत्येक गायीच्या सेवनाच्या कष्टाने जमविलेल्या नोंदी आहेत. तिसरा लाभ पर्यावरणाचा असून, प्रतिलिटर दुधामागे खाद्य कमी लागले की मिथेनचे उत्सर्जनही सामान्यतः घटते.

भारतीय गोठ्याची परिस्थिती

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी आहेत. त्यांचा मोठा भाग दोन-चार जनावरे सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे आहे. येथे जनावर दावणीला बांधलेले असते, वैरण हाताने टाकली जाते आणि अनेक ठिकाणी चराईही असते. परदेशी उपकरणांची गणिते प्रामुख्याने मुक्त गोठ्यातील होल्स्टीन गायींवर बसविलेली आहेत. देशाच्या दुधात चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या म्हशींना ती तपासल्याविना लागू करता येणार नाहीत.

खर्चाचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, संदेश गोळा करणाऱ्या यंत्रणेचा स्थिर खर्च ४०,००० रुपये आहे. शंभर गायींच्या गोठ्यात तो प्रत्येक गायीमागे ४०० रुपये पडेल, तर दोन गायींच्या गोठ्यात २०,००० रुपये. तंत्र तेच असूनही लहान उत्पादक बाजारातून बाहेर फेकला जातो. हाच खर्च गावातील दोनशे जनावरांत विभागला, तर तो प्रत्येकी २०० रुपयांवर येतो. मात्र संकलन केंद्रावर दूध येते, जनावर येत नाही. म्हणून विखुरलेल्या गोठ्यांना जोडणारे संपर्कजाळे ही या सामायिकतेची पूर्वअट ठरते.

अशा संस्थात्मक मार्गाचा अनुभव देशाकडे आहे. २०११-१२ ते २०१८-१९ या काळात राबविलेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहार कार्यक्रम हाती घेतला. प्रशिक्षित स्थानिक व्यक्ती घरोघरी जाऊन छातीच्या घेरावरून जनावराचे वजन काढी, दिल्या जाणाऱ्या खाद्याचे माप घेई आणि संगणकप्रणालीच्या साह्याने स्थानिक घटकांतून किमान खर्चाचा आहार सुचवी. यात महागडा संवेदक नव्हता. मोजमाप आणि सल्ला यांची सांगड होती.

पुढील दिशा

यावरून धोरणाचा क्रम निश्चित करता येतो. वजन मोजणाऱ्या गव्हाणी संशोधन संस्था व वळू पैदास केंद्रे यांत सार्वजनिक खर्चाने उभारणे योग्य ठरेल. कारण देशी गायी व म्हशींच्या सेवनाची माहिती ही सार्वजनिक वस्तू असून तिचा लाभ सर्वांना मिळतो. गावपातळीवर वर्तन टिपणारी साधी उपकरणे सहकारी संघांमार्फत, प्रथम विण्याच्या सुमारास असलेल्या जनावरांना, आळीपाळीने देता येतील. जनावराच्या बारा अंकी ओळख क्रमांकाशी या नोंदी जोडल्यास पशुवैद्यकाला पूर्वेतिहास उपलब्ध होईल. मात्र सूचना मिळूनही पशुवैद्यक वेळेवर पोहोचला नाही, तर उपकरणावरील खर्च व्यर्थ जाईल. तसेच या माहितीवर पशुपालकाचा हक्क मान्य होणे गरजेचे आहे. अन्यथा तीच माहिती कर्ज वा विमा नाकारण्यासाठी वापरली जाण्याचा धोका राहील.

गोठ्यातील बरेचसे काम करणाऱ्या महिलेला जनावराने रवंथ सोडल्याचे आजही नजरेने कळते. तिचे हे ज्ञान उपकरणाने बाद करावयाचे नाही. त्याला आकड्याची जोड द्यावयाची आहे. वैरणीवर खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे तिच्या हाती किती शिल्लक राहिले, याच कसोटीवर या तंत्राचे मूल्यमापन व्हावयास हवे.