आरोपीच्या पिंजऱ्यात एकटे उभे राहण्यापूर्वी



“वकिलाला पैसे कोठून आणू? माझे मीच बोलेन,” असे म्हणणारी माणसे आपल्या मोहल्ल्यात थोडी नाहीत. फौजदारी खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडण्यास कायद्याची मनाई नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात तेच केले. ते कायद्याचे पदवीधर; एकवीस तासांहून अधिक बोलले. तरी ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले व सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९१६ साली त्यांच्यावर पुन्हा बालंट आले, तेव्हा बॅ. जिनांनी काम चालविले आणि जामिनकीचा हुकूम उच्च न्यायालयात रद्द झाला. (दोन्ही खटले सारखे नव्हते, हे मान्य.)

आपल्याला धोका असतो तो उलटतपासणीत. “मी एकच थप्पड मारली, तू दोन का सांगतोस?” असे साक्षीदाराला रागाने विचारलेत, की मारल्याची कबुली तुम्हीच दिलीत! दुसरा धोका “गुन्हा कबूल आहे का?” या प्रश्नाचा. दंड भरून मोकळे होऊ म्हणून तरुण मुले “कबूल” म्हणतात. पण ती दोषसिद्धीच असते, आणि नोकरीच्या वेळी पोलीस चौकशीत ती पुढे येते.

तेव्हा केवळ गरिबीपायी एकटे उभे राहू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील मोफत मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना ठरावीक मर्यादेपेक्षा उत्पन्न कमी असावे लागते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. आरोपीने मागितला नाही म्हणून हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुक दास खटल्यात १९८६ साली सांगितले. तरीही पहिल्याच तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे मागणी करावी.

वकील असला तरी एक काम तुमचेच राहते. सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश तुम्हालाच प्रश्न विचारतात. त्यावेळी शपथ नसते आणि गप्प राहिल्याबद्दल शिक्षा नसते. मात्र दिलेले उत्तर विचारात घेतले जाते. म्हणून आधी वकिलाशी बोलून ठेवा. साक्ष तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत चालली असेल, तर उभे राहून सांगा, “साहेब, मला कळत नाही.” ती तुमच्या भाषेत समजावून देणे न्यायालयावर बंधनकारक आहे.