पवित्र दिवस आणि पंचांगाची किल्ली
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे प्राचीन धर्मांतील पवित्र दिवस आणि कालगणना. विषय ऐकून विद्यार्थ्यांच्या मनात प्रश्न येईल, की बाबिलोन आणि रोममधल्या, आज कोणी न पूजणाऱ्या देवांच्या सणावारांशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आज कोणता दिवस मोठा आणि कोणता साधा, कोणता शुभ आणि कोणता अशुभ, हे ठरवले कोणी? ज्याच्या हाती पंचांग, त्याच्या हाती माणसांचे कामाचे, विश्रांतीचे आणि न्यायाचे दिवस. हे सूत्र मनात धरून आपण जुन्या जगात जाऊ या.

प्रथम एका शब्दाचा खुलासा. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचा विजय झाल्यावर जुन्या देवतांना मानणाऱ्या सर्वांना 'पेगन' म्हटले जाऊ लागले. लॅटिन भाषेत 'पेगानस' म्हणजे खेडवळ माणूस. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना चिकटवलेले हे नाव होय. दुसऱ्याने दिलेल्या नावाचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून त्या लोकांची टिंगल न करता, त्यांनी काळाचा हिशेब कसा मांडला एवढेच आपण पाहू.

हिशेबातली मूळ अडचण आकाशातच आहे. चंद्राचा महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. ऋतूंचे वर्ष मात्र सुमारे तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवस आणि वर पाव दिवस. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही तर काही वर्षांत सुगीचा सण पेरणीच्या दिवसांत येऊन बसेल. तेव्हा कोणीतरी मध्ये अधिक महिना घातलाच पाहिजे. हा 'कोणीतरी' कोण, यातच सारा इतिहास भरला आहे.

बाबिलोनमध्ये हा अधिकार राजाचा होता. इ. स. पू. अठराव्या शतकात हम्मुराबी राजाने सिन-इद्दिनम नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला मातीच्या विटेवर लिहून पाठवलेला हुकूम आजही उपलब्ध आहे. वर्षात तूट पडली आहे, म्हणून पुढील महिना दुसरा उलूलू म्हणून नोंदवावा, असे राजा कळवतो. आणि लगेच पुढे बजावतो, की पुढच्या ताश्रीतू महिन्याच्या २५ तारखेला बाबिलोनला पोचायचा कर आता दुसऱ्या उलूलूच्या २५ तारखेला पोचला पाहिजे. महिना वाढला, पण कराची मुदत वाढली नाही! चार हजार वर्षांपूर्वीचा राजा पंचांग दुरुस्त करतानाही तिजोरी विसरला नाही.

त्याच बाबिलोनमध्ये निसान्नू महिन्यात 'अकितू' हा नववर्षाचा मोठा उत्सव होई. मंदिरातील विधीच्या ज्या विटा सापडल्या आहेत त्यांत एक विलक्षण गोष्ट लिहिली आहे. उत्सवाच्या पाचव्या दिवशी मुख्य पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी, आणि राजाला गुडघे टेकून आपण नगराशी व तेथील लोकांशी अन्याय केला नाही असे सांगावे लागे. मग राजचिन्हे परत मिळत. वर्षातून एकदा का होईना, राजाला जाब द्यावा लागतो, ही कल्पना त्या समाजाने सणात गुंफली होती. सण म्हटला की सगळेच थोतांड, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इजिप्तच्या लोकांनी दुसरी वाट धरली. तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच जादा दिवस, असे ३६५ दिवसांचे सुटसुटीत वर्ष त्यांनी केले. त्या पाच दिवसांवर ओसिरिस, होरस, सेत, इसिस आणि नेफ्थिस या देवतांचे जन्म मानले. पण पाव दिवस सुटला तो सुटलाच. चार वर्षांनी एक दिवस, शंभर वर्षांनी पंचवीस दिवस, असे वर्ष ऋतूंपासून सरकत गेले. इ. स. पू. २३८ मध्ये कॅनोपस येथे जमलेल्या पुरोहितांनी दर चार वर्षांनी एक दिवस वाढवावा असा ठराव केला आणि तो शिळेवर कोरला. उन्हाळ्याचे सण हिवाळ्यात जाऊ नयेत, हे कारणही त्यात दिले आहे. ठराव शहाणपणाचा होता, पण लोकांनी तो पाळला नाही. शिळेवर कोरल्याने सुधारणा होत नाही, ती माणसांच्या मनात उतरावी लागते.

आता रोमकडे वळू. येथली कथा विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी.

रोममध्ये वर्षातील काही दिवसांवर न्यायालयाचे काम चाले आणि काही दिवसांवर ते धर्माने वर्ज्य होते. पहिल्यांना 'फास्ती' आणि दुसऱ्यांना 'नेफास्ती' म्हणत. पण कोणता दिवस कसला, याची यादी धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे असे, आणि ती सामान्य माणसाला पाहता येत नसे. खेड्यातला शेतकरी फिर्याद घेऊन शहरात आला, तर आज दाद मागता येईल का, हे त्याने त्या थोरामोठ्यांच्या दारात जाऊन विचारायचे. न्याय होता, पण न्यायाचा दिवस कुलुपात होता.

हे कुलूप फोडले ग्नेयस फ्लावियस नावाच्या एका लेखनिकाने. त्याचा बाप पूर्वी गुलाम होता आणि नंतर मुक्त झाला होता. हा मुलगा लिहायला शिकला, आप्पियस क्लॉडियस या मोठ्या नेत्याकडे कारकुनी करू लागला आणि इ. स. पू. ३०४ मध्ये 'ईडाइल' या मानाच्या पदावर निवडून आला. त्याने न्यायाच्या दिवसांची यादी पांढऱ्या फळ्यांवर लिहवून भर चौकात, म्हणजे फोरममध्ये, लावून टाकली. ज्याला वाचता येईल त्याने वाचावे! लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की त्याच्या निवडीने संतापून बहुतेक उमरावांनी आपल्या सोन्याच्या अंगठ्या उतरवून ठेवल्या.

त्याच फ्लावियसची आणखी एक हकिकत लिव्हीने दिली आहे. तो एकदा आजारी सहकाऱ्याच्या भेटीस गेला. तेथे बसलेली उमरावांची पोरे त्याला पाहून मुद्दाम उठली नाहीत. फ्लावियसने भांडण केले नाही. त्याने आपल्या पदाची मानाची खुर्ची तेथे मागवली आणि तिच्यावर शांतपणे बसला. गुलामाच्या घराण्यातल्या माणसाला उठून मान देण्याचे नाकारणाऱ्यांना त्या खुर्चीकडे पाहत बसावे लागले. आम्हांला वाटते, या प्रसंगावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

पुढे इ. स. पू. २८७ च्या हॉर्टेन्शियन कायद्याने बाजाराचे दिवसही न्यायासाठी खुले केले. खेड्यातली माणसे बाजाराला येतात, त्यांची कामे त्याच खेपेत व्हावीत, हा हेतू. पण अधिक महिना घालण्याचा अधिकार मात्र धर्माधिकाऱ्यांकडेच राहिला. वर्ष लांबले की सत्तेवरच्या माणसाची मुदत लांबे, ठेकेदारांचा फायदा-तोटा होई. सिसेरो हा थोर वक्ता इ. स. पू. ५१ मध्ये दूर सिलिसिया प्रांतात सुभेदार होता. त्याला लवकर घरी परतायचे होते, म्हणून यंदा अधिक महिना घालू देऊ नका, अशी विनवणी त्याने मित्रांना पत्रांतून केली. आकाशातल्या चंद्रसूर्याचा हिशेब असा वशिल्यावर चालला होता! अखेर ऋतू आणि महिने यांची इतकी फारकत झाली, की ज्युलियस सीझरला इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा नियम त्याने बांधून दिला. नियम सर्वांना माहीत झाला, तेव्हा वशिल्याला जागा उरली नाही.

अशुभ दिवसांचेही रोममध्येच पाहा. परंपरेने इ. स. पू. ३९० मध्ये गॉल टोळ्यांनी आलिया नदीकाठी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला. चौकशीत निघाले, की सेनापतीने यज्ञ केला तो 'आइड्स' म्हणजे महिन्याच्या मध्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी. झाले! प्रत्येक महिन्यातील तिन्ही मुख्य तिथींच्या दुसऱ्या दिवसाला काळा दिवस ठरवण्यात आले. वर्षात छत्तीस दिवस बाद! सैन्य हरले ते नेतृत्वाच्या आणि तयारीच्या दोषाने, आणि शिक्षा झाली ती बिचाऱ्या दिवसांना. आजही घरभरणी, लग्न, दुकानाचे उद्घाटन करताना मुहूर्त शोधणाऱ्यांनी आपल्या यादीतले 'वाईट' दिवस कोणत्या चौकशीतून आले, हे एकदा विचारावे.

रोमचा सर्वांत आवडता सण सॅटर्नेलिया. तो १७ डिसेंबरला सुरू होई. त्या दिवसांत मालक गुलामांना पंगतीत बसवत, काही घरी स्वतः वाढत. मुक्त झालेल्या गुलामाची टोपी सारेच घालत. किती सुंदर दृश्य! पण सण संपला की टोपी उतरे आणि गुलाम पुन्हा गुलाम होई. सणापुरती समता ही माणसाला उरलेले वर्ष सहन करायला लावणारी युक्ती ठरू शकते, हे आपण विसरता कामा नये. जी समता दुसऱ्या दिवशी सकाळी टिकत नाही, तिच्यावर समाधान मानू नये.

याच प्रश्नावर आपल्या परंपरेत काय घडले? विनयपिटकाच्या महावग्गात उपोसथाची हकिकत आहे. इतर पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंचदशीला एकत्र जमून धर्मचर्चा करतात, लोक ऐकायला जातात. आपल्या संघानेही जमावे, असे राजा बिंबिसाराने सुचवले आणि भगवंतांनी ते मान्य केले. म्हणजे दिवस आधीपासून लोकांचाच होता. त्या दिवशी काय करायचे, ते मात्र वेगळे ठरले. धम्म सांगायचा, आणि भिक्खूंनी आपले वर्तन संघापुढे तपासायचे.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भिक्षेला गेलेल्या भिक्खूंना लोक विचारीत, आज पंधरवड्याचा कितवा दिवस? भिक्खूंना सांगता येईना. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी पक्षगणना शिकण्याची अनुज्ञा दिली. कोणी शिकावी, असा प्रश्न आला. उत्तर मिळाले, की सर्वांनी शिकावी. रोममध्ये जे ज्ञान काही घराण्यांनी कुलुपात ठेवले, ते येथे सर्वांना खुले झाले. त्या संघात उपालीसारखा न्हावी कुळातला भिक्खूही होता. 'सर्वांनी' या शब्दाचे मोल आम्ही सांगावे असे नाही.

शेवटी आठवड्याच्या वारांकडे येऊ. जुने खगोलज्ञ ग्रहांचा क्रम दुरून जवळ असा लावत. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांना हे सात ग्रह ओळीने वाटून द्या. पहिला तास शनीचा धरला, तर पंचविसावा म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास सूर्याचा येतो, तिसऱ्या दिवसाचा चंद्राचा. झाले शनिवार, रविवार, सोमवार! विद्यार्थ्यांनी घरी जाऊन बाकीचे वार स्वतः काढून पाहावेत. 'होरा' हा आपल्या ज्योतिषातला शब्दही ग्रीकांकडून आलेला आहे. भारतात वाराचा उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या लेखांत मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख येतो. तो इ. स. ४८४ चा असून त्यात गुरुवार दिला आहे. जे वार आपण अनादी समजून उपवासाला धरतो, ते असे देशोदेशी फिरत आले आहेत.

रविवारची सुट्टीही अशीच घडली. इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याच्या दिवशी न्यायालये आणि शहरातील उद्योग बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्याला मात्र त्यातून वगळले. इ. स. ३९५ मध्ये जुन्या धर्माचे सण सुट्ट्यांच्या यादीतून काढण्यात आले. सत्ता बदलली की कॅलेंडर बदलते, ते असे. आमच्या मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी बादशहाने दिली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी विहारात मुलांचे वर्ग भरतात, सभा होतात, वाचनालय उघडते. त्यामागे त्या कामगारांचे कष्ट आहेत.

बंधुभगिनींनो, स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीला देशात सुमारे तीस पंचांगे वापरात असल्याचे आढळले. त्यातून २२ मार्च १९५७ पासून शास्त्रीय पायावर राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिची तारीख सरकारी राजपत्रावर असते. आपल्यापैकी कितीजण ती वाचतात?

आमचे सांगणे थोडक्यात असे. दिवस आपोआप पवित्र होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचा होता, पण लाखो माणसांनी नागपुरात त्या दिवशी जे केले, त्याने तो मोठा झाला. म्हणून आपल्या मुलांना दिवसाचे नाव शिकवा, त्यामागचा हिशेब शिकवा, आणि तो दिवस कोणाच्या कष्टाने मिळाला हेही शिकवा. पुढच्या पौर्णिमेला मेणबत्ती लावण्यापूर्वी घरातल्या मुलाला गच्चीवर न्यावे, चंद्र दाखवावा आणि विचारावे, पुढची पौर्णिमा किती दिवसांनी येईल? त्याला ते स्वतः मोजता आले, की पंचांगाची किल्ली आपल्या घरात आली असे समजावे.

 जयभीम! नमो बुद्धाय!